दलदलीच्या वाटेवरच्या नारिंगी फिती

सून धावते याचं मोठ्याबाईंना काही नव्हतं. ती बसच्या मागे धावली असती, दूध उतू जाताना धावली असती, तर त्यांनी चारचौघांत कौतुक केलं असतं. पण ही पोरगी उजाडायच्या आत उठून, कोणी पाठीमागे लागलेलं नसताना, वस्तीबाहेरच्या निसर्ग उद्यानात जाऊन धावायची आणि जिथून निघाली तिथेच परत यायची. परतच यायचं होतं तर गेलीस कशाला, हा मोठ्याबाईंचा साधा प्रश्न होता. त्याचं उत्तर घरात कोणाकडे नव्हतं. मुलाकडे तर कशाचंच नसतं. तो रंगाच्या दुकानात हिशेब बघतो आणि घरी आल्यावर भिंतीच्या रंगाचा होऊन बसतो.

मोठ्याबाई पडदे शिवतात. इमारतीतल्या निम्म्या खिडक्यांना त्यांच्याच हातचे पडदे आहेत, त्यामुळे कोणाच्या घरात काय चालतं ते त्यांना पडद्याआडूनही दिसतं असं लोक म्हणतात. लोकांचं काय, लोक शिंपी बघितला की मापाआधी तोंड उघडतात.

तर त्या उद्यानात शर्यत ठरली. डांबरी रस्त्यावरची नव्हे, रानातून आणि दलदलीच्या कडेने जाणारी. सूनबाईंनी जेवताना हळूच सांगितलं, भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं.

"दलदलीत धावायचंय तर एवढ्या लांब कशाला जातेस?" मोठ्याबाई म्हणाल्या. "मी न्हाणीघरात पाणी सांडून देते, तिथे धाव."

सून हसली, ताट घासून ठेवलं आणि झोपायला गेली. ही सून भांडत नाही, हाच तिच्यातला सगळ्यात मोठा दोष. भांडली तर समोरच्या माणसाला निदान पुढचं वाक्य तरी सुचतं.

एवढ्यावर भागलं असतं. पण वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर उशीच्या अभ्र्याला शिलाई मारून घ्यायला आले आणि अभ्रा होईस्तोवर गप्प बसायचं त्यांना कधी जमलेलं नाही.

"वहिनी, त्या दलदलीत माझ्या डोळ्यांदेखत अख्खी गाय गेली," ते म्हणाले.

"अख्खी?"

"शिंगं राहिली होती थोडा वेळ. मग तीही गेली."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"मी बघत होतो. तो चिखल गिळतो आणि ढेकरसुद्धा देत नाही. माणूस गेला की रानातले लोक त्या जागी झाडाला रंगीत फडकं बांधतात. मागून येणाऱ्याने समजून घ्यावं म्हणून. अभ्र्याला दुहेरी शिलाई मारा हं, एकेरी उसवते."

कंपाउंडर आयुष्यात कधी औषधाच्या दुकानापलीकडे गेले नव्हते हे मोठ्याबाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांना झुरळ दिसलं तरी ते बायकोला हाक मारतात. पण भीती काही माणसाची लायकी विचारून आत येत नाही. अभ्रा गेला, कंपाउंडर गेले, गाय मात्र मोठ्याबाईंच्या पोटात शिंगांसकट बसून राहिली.

त्या दिवसापासून हात चळू लागले. बँकेतल्या बाईंचा पडदा उलटा शिवला गेला, सगळी फुलं डोकी खाली घालून लोंबकळत होती. "हल्ली अशीच पद्धत आहे," असं त्यांनी बाईंना तोंडावर सांगितलं. बाईंनी तो तसाच लावला आणि आता त्यांच्या शेजारणीलाही उलटी फुलं हवी आहेत. ते असो. सांगायचं ते असं की मोठ्याबाई पार घाबरल्या होत्या आणि "मी घाबरले" एवढे दोन शब्द म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. एरवी ती कुठेही वळते. ज्या सुनेला न्हाणीघरात धाव म्हणून सांगितलं, तिला आता कोणत्या तोंडाने सांगायचं की बाई गं, जाऊ नकोस, मला तू हवी आहेस?

म्हणून त्यांनी जाहीर केलं की त्याही येणार.

"आई, तिथे बघण्यासारखं काही नसतं," मुलगा म्हणाला.

"तुझ्या लग्नातही नव्हतं. तरी आले होते."

शर्यतीच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की उद्यानाचं फाटक दहा पावलांवर आल्यावर दिसलं. आत झाडं होती, पण एकेक झाड वेगळं दिसत नव्हतं, सगळं मिळून एकच काहीतरी काळं उभं होतं. त्यातून गार, कुजक्या पाल्याचा वास येत होता. सूनबाई निळी टोपी घालून घोळक्यात पाय ताणत होत्या. मुलगा टॉवेल आणि केळी सांभाळत होता. त्याने आईसाठी तंबूत खुर्ची मांडली. मोठ्याबाई बसल्या. त्या खुर्चीचा एक पाय मऊ जमिनीत हळूहळू रुतू लागला. त्यांनी खाली पाहिलं आणि ताडकन उठल्या. तंबूतच ही तऱ्हा, तर आत काय असेल?

आपण पुढे जाऊन ती वाट स्वतः बघायची, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. कुंपण आहे का, कठडा आहे का, निदान धरायला दोरी तरी आहे का. पण फाटकावर वनखात्याचा एक कारकून टेबल टाकून बसला होता.

"धावणारे आणि स्वयंसेवक, एवढ्यांनाच आत सोडायचं आहे," तो म्हणाला. "आपण कोण?"

"मी सासू."

"कोणाची?"

"धावणारीची."

त्याने कागदावरून बोट फिरवलं. खरंच फिरवलं, आधी वरून खाली आणि मग खालून वर. "सासूचा रकाना नाही."

"मग काढ की एक. पट्टी नाहीये का तुझ्याकडे?"

शब्दाने शब्द वाढला असता, पण तेवढ्यात शर्यत भरवणारे कवायतीचे मास्तर कर्णा घेऊन धावत आले. त्यांची माणसं कमी पडली होती. समोर ताठ उभी, मोठ्या आवाजाची बाई बघून त्यांना हायसं वाटलं असावं. "तुम्ही स्वयंसेवक ना? बरं झालं. हे जॅकेट घाला, ही शिट्टी घ्या. सरळ जा, पुढे फाटा लागेल, तिथे उभ्या राहा. बाकी दिसेलच तुम्हाला." आणि कर्ण्यातून कोणावर तरी ओरडत ते धुक्यात गेले.

मोठ्याबाईंनी ते पिवळं जॅकेट घातलं. शिवण वाईट होती, काखेत तर नुसती टाके टाकून वेळ मारून नेली होती. पण अंगावर जॅकेट चढताच त्याच कारकुनाने उठून फाटक उघडलं. सासूला जागा नसते, जॅकेटला असते, हे त्यांनी मनात नोंदवून ठेवलं.

आत गेल्यावर मागचा गलबला एकदम बंद झाला. पानांवरून पाणी टपकत होतं, आणि प्रत्येक थेंब पडला की मोठ्याबाई वळून बघत होत्या. वाट पायाखाली नरम होती. कुठे तरी एक पक्षी अधूनमधून असा ओरडत होता, जणू त्याचंच कोणी बुडालंय. त्या चालत राहिल्या, कारण थांबलं की स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू येत होते.

आणि मग त्यांना ते दिसलं. वाकलेल्या फांदीला नारिंगी फीत बांधलेली होती.

त्या जागीच थांबल्या. म्हणजे कंपाउंडर खोटं बोलत नव्हते. आयुष्यात एकदाच खरं बोलायचं होतं तर याच बाबतीत? त्यांनी फितीखालच्या जमिनीकडे पाहिलं. जमीन अगदी साळसूद दिसत होती, नुकताच कोणाला गिळून तोंड पुसल्यासारखी. त्या अंग चोरून बाजूने गेल्या, तर पुढच्या झाडाला दुसरी फीत होती, आणि तिच्या पुढे तिसरी. धुकं जरा हललं आणि लांबपर्यंत झाडाझाडाला नारिंगी ठिपके दिसू लागले. एवढी माणसं? आणि वर्तमानपत्रात एक ओळ नाही?

दुसरी कोणी असती तर मागे पळाली असती. मोठ्याबाईंच्या मनातही आलंच. पण त्याच वेळी डोळ्यांसमोर सून आली. ती धावत येणार, एकेक फीत बघणार, आणि तिला कळणार की प्रत्येक फितीखाली एक माणूस आहे. तिचे पाय लटपटणार. लटपटले की घसरणार. घसरली की संपलंच. शर्यत थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं, सुनेला थांबवणं त्याहून नव्हतं. फिती मात्र हातात येत होत्या.

त्यांनी पहिली फीत सोडली. मग दुसरी. गाठी इतक्या ढिल्या होत्या की मेलेल्यांबद्दल बांधणाऱ्याला काही वाटत होतं की नाही याचीच शंका यावी. फीत मात्र चांगली होती, घट्ट विणीची, पडद्याच्या झालरीला शोभली असती. पण असला विचार मनात येताच त्यांनी स्वतःला दटावलं, आणि प्रत्येक गाठ सोडताना "शांत पडा बाबांनो" असं पुटपुटत, सोडलेली फीत बोटांवर गुंडाळत त्या पुढे गेल्या. वाट फुटत होती तिथे फिती उजवीकडे जात होत्या, म्हणून त्याही उजवीकडे गेल्या. भीतीने दात वाजत होते, हात मात्र सवयीने नीटनेटकी गुंडाळी करत होते. लांबून भोंगा वाजला. शर्यत सुटली. त्यांनी घाई केली आणि आणखी पुष्कळशा फिती सोडल्या. आता या वाटेवर सुनेला घाबरवेल असं काही उरलं नाही, या समाधानात त्या एका ओंडक्यावर टेकल्या आणि वाट बघू लागल्या.

कोणी येईना. बराच वेळ कोणीच येईना. मग मागच्या झुडपांत काहीतरी मोडत, धापा टाकत येऊ लागलं. रानडुक्कर, मोठ्याबाईंना वाटलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. पळून उपयोग नसतो असं ऐकलं होतं, शिवाय पाय उचलतच नव्हते.

"बाई, फिती कुठे गेल्या?" रानडुकराने विचारलं.

डोळे उघडले तर गुडघ्यापर्यंत चिखल माखलेला एक दाढीवाला उभा होता, छातीवर शर्यतीचा आकडा लावलेला.

"कसल्या फिती?" मोठ्याबाईंनी गुंडाळी जॅकेटखाली सरकवली.

"वाटेच्या खुणेच्या. नारिंगी. झाडांना बांधल्या होत्या. त्या बघत बघतच धावायचं असतं ना. फाट्यावर एकही नाही, माणूसही नाही. सगळे डावीकडे लव्हाळ्यात घुसलेत. तिकडे नुसती दलदल आहे."

मोठ्याबाईंना कपाळावर गार हात ठेवल्यासारखं झालं. "त्यांत निळ्या टोपीची एक मुलगी होती का?"

"तीच सगळ्यांत पुढे होती. तिच्यामागेच सगळे गेले."

सांगायला लाज वाटते, पण एवढ्या धास्तीतही त्यांना घटकाभर बरं वाटलं की सून पहिली होती. मग ध्यानात आलं की पुढे असेल ती आधी बुडेल.

त्यांनी गुंडाळी काढून त्याच्या हातात अर्धी कोंबली. "बांधा. जिथे होत्या तिथे."

तो त्या फितींकडे आणि त्यांच्याकडे बघत राहिला. "तुमच्याकडे कशा आल्या?"

"आधी बांधा, चौकशी मागून करा. आणि गाठ घट्ट मारा."

पण कुठलं झाड कुठलं, हे आता कोणाला आठवत होतं? भीतीने बघितलेलं झाड आणि घाईत बघितलेलं झाड एकसारखंच दिसतं. दाढीवाल्याने त्याच्या समजुतीने बांधल्या, मोठ्याबाईंनी आपल्या. मागे राहिलेल्या धावणाऱ्यांची एक टोळी त्या नव्या खुणा बघून आनंदाने पळत सुटली आणि थोड्या वेळाने त्याच बाजूने पुन्हा आली. एक चष्मेवाले गृहस्थ जाता जाता म्हणाले, "आपण मघाशी भेटलो का?" मोठ्याबाई म्हणाल्या, "ती माझी बहीण." तिसऱ्यांदा ते आले तेव्हा त्यांनी काही विचारलं नाही, नुसती मान तुकवली.

मोठ्याबाईंनी उरलेल्या फिती खिशात घातल्या, आणि फाट्यापर्यंत मागे येऊन डावीकडच्या वाटेला लागल्या. कोणी त्यांना जा म्हणालं नव्हतं. जिथे जायच्या कल्पनेने महिनाभर शिलाई चुकत होती, तिथेच त्या चालल्या होत्या, आणि मोठ्याने बोलत होत्या, कारण गप्प राहिल्या असत्या तर परत फिरल्या असत्या. "कोणी सांगितलं होतं पहिलं यायला? जरा मागे राहिली असती तर काय बिघडलं असतं? घरात कधी पुढे येऊन एक शब्द बोलत नाही, आणि इथे पुढे पुढे."

लव्हाळी डोक्याहून उंच झाली. पायाखाली पचपच होऊ लागलं. एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली. त्यांनी दुसरं पाऊल टाकलं आणि पाय गेला. गेला तो गेलाच, तळ लागेना. दुसऱ्या पायाने सावरायला बघितलं तर तोही मांडीपर्यंत आत. त्यांनी जोर केला, तसा चिखलाने आणखी घट्ट धरलं. आवाजसुद्धा केला नाही त्याने. ढेकर देत नाही म्हणतात ते हेच, त्यांना वाटलं, आणि आता आपल्या नावाने कोण कुठल्या झाडाला काय बांधणार, उरलेल्या फिती तर आपल्याच खिशात आहेत.

हाक मारायला गेल्या तर आवाज फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा. मग गळ्यातली शिट्टी आठवली. शिट्टी वाजवली, पुन्हा वाजवली, छातीत हवा होती तोवर वाजवत राहिल्या. भोवतालची लव्हाळी हलत होती, वारा नसताना हलत होती. मग ती दुभंगली आणि निळी टोपी दिसली.

"आई? तुम्ही इथे काय करताय?"

"उभी आहे," मोठ्याबाई म्हणाल्या.

सून पुढे आली नाही. जिथे जमीन टणक होती तिथेच पोटावर आडवी झाली आणि लव्हाळ्याची जुडी मोडून त्यांच्या बाजूला पसरली. "धडपडू नका. मागे टेका. खाली बसा."

"चिखलात?"

"चिखलातच. बसा म्हणते ना."

या घरात मोठ्याबाईंना बसा असं या सुरात कोणी सांगितलं नव्हतं. त्या बसल्या. गारठा पाठीपर्यंत चढला. सून एकेक पाय हळूहळू हलवायला सांगत होती, त्या हलवत होत्या, आणि चिखल जरा जरा सोडत होता.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं.

"पाणी लागलं तसं सगळ्यांना मागे धाडलं. मीही निघाले होते. शिट्टी ऐकली म्हणून आले. कोणीतरी फिती काढल्यात आई, नाहीतर इकडे कोणी आलंच नसतं."

मोठ्याबाईंनी खिशातली गुंडाळी चाचपली. मग म्हणाल्या, "मी काढल्या."

सुनेचे हात थांबले. "का?"

"त्या मेलेल्या माणसांच्या आहेत असं वाटलं. तू बघून घाबरशील आणि घसरशील, म्हणून." आणि मग, पाय अजून चिखलातच होता म्हणून असेल, ते दोन शब्दही बाहेर पडले. "मी घाबरले होते. महिनाभर."

सून लव्हाळ्याच्या जुडीवरून पुढे सरकली. तिने त्यांच्या काखेत हात घालून ओढलं आणि दोघी पाठीवर टणक जमिनीवर पडल्या, चिखलाने एका रंगाच्या झालेल्या, धापा टाकत. वर धुकं विरळ होत होतं.

"तुम्हाला एक सांगू का?" सून आकाशाकडे बघत म्हणाली. "मला धावायची आवड नव्हती. सुरुवातीला तर मी इथल्या बाकावर नुसती बसून घरी यायचे. घरात तुम्ही उठलात की मशिनच्या आधी तोंड सुरू होतं. मला वाटायचं, दिवसातला थोडा वेळ कोणी काही बोलू नये. बसून बसून थंडी वाजायची, म्हणून धावायला लागले."

मोठ्याबाईंच्या मनात आलेली उत्तरं एकाहून एक होती. त्यांतलं एकही त्यांनी दिलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "मग तसं सांगायचंस. मी उशिरा उठले असते."

"तुम्ही?"

"उठले नसते. पडून राहिले असते."

तंबूपाशी आल्या तेव्हा शर्यत रद्द झाली होती. सुनेचा पहिला नंबर चिखलातच राहिला. कोणी बुडालं नव्हतं, पण चष्मेवाले गृहस्थ अजून आले नव्हते. मुलगा टॉवेल घेऊन पुढे धावला आणि कोणाला द्यावा ते न कळून मधेच थांबला. मास्तर कर्ण्यातून विचारत होते की फिती कोणी काढल्या.

"माकडं असतील, सर," सूनबाई म्हणाल्या.

मास्तरांना ते पटलं. कारकुनालाही पटलं, तो लिहूही लागला. आता खरं तर गप्प राहायचं होतं. सून स्वतःहून वाचवत होती. पण माकड? मोठ्याबाईंनी खिशातून गुंडाळी काढून टेबलावर ठेवली.

"माकड ओरबाडतं," त्या म्हणाल्या. "यातली एक तरी फीत फाटलेली दाखवा. मी सोडल्यात. आणि इतक्या ढिल्या गाठी मारणाऱ्यालाही इथे बोलवा, मला त्यालाही चार शब्द सांगायचेत."

मास्तरांनी कर्णा खाली घेतला. "त्या मीच मारल्या होत्या," ते कर्ण्याशिवाय म्हणाले.

कारकुनाने मोठ्याबाईंना उद्यानात कायमची मनाई केली. सासूला रकाना नव्हता, पण मनाई केलेल्यांना होता, तो चांगला रुंद होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मोठ्याबाईंना नेहमीसारखीच जाग आली. बाजूच्या खोलीत पाऊल वाजलं. बुटांची नाडी आवळल्याचा आवाज आला. स्वेटर घातलास का, टोपी कुठे आहे, काल जीव वाचला तो पुरे नाही झाला का, असं सगळं ओठांवर आलं. त्यांनी पांघरुणाचं टोक दातांत धरलं. दार हळूच लागलं. जिन्यावरची पावलं खाली खाली गेली आणि मग काहीच ऐकू येईना.

त्या पडून राहिल्या. सगळ्या आयुष्यात इतकं कठीण काम त्यांनी केलं नव्हतं. पांघरुणाखाली गाय आली, लव्हाळी आली, तो मुका चिखल आला. मागे जायची तर मनाई होती. उठून मशिनवर बसावं तर काल लव्हाळ्यात शब्द दिल्यासारखं झालं होतं. खिडकी उजळली, खाली कोणाची तरी सायकल खडखडत गेली, आणि त्या छताकडे बघत दाराच्या कडीकडे कान लावून राहिल्या.

कडी वाजली. बूट काढल्याचा आवाज झाला. तरी त्या आणखी जराशा थांबल्या, मग मुद्दाम खोकत, पाय आपटत बाहेर आल्या. सून स्वयंपाकघरात पाणी पीत होती. ती भिजली नव्हती, मोडली नव्हती, तिचे गाल लाल झाले होते.

"आज उशीर झाला उठायला?" तिने विचारलं.

"डोळाच उघडला नाही," मोठ्याबाई म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवलं.

चहा होईपर्यंत दोघींपैकी कोणी काही बोललं नाही.